शेगडीचा पंखा

आमच्या घरातल्या हीटरला आई ‘शेगडी’ म्हणते. त्याला कारण आहे. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा आईने जाहीर केलं, की बाळबाळंतिणीला शेक-शेगडी झालीच पाहिजे. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोळसे पेटवले तर ऊब यायच्या आधी सोसायटीची नोटीस येईल, हे मी तिला सांगून पाहिलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी बंद खोलीत धूर अजिबात नको म्हणून दम भरला आणि तडजोड म्हणून हा दोन हजार वॉटचा ब्लोअर घरात आला. बाळंतीण आपल्या घरी गेली, बाळ आता पाचवीत आहे, आणि शेगडी आईने ठेवून घेतली. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला, की खाटेवरून हुकूम येतो, “अरे, शेगडी काढ माळ्यावरून.”

पुण्यात हीटर लागतो कशाला, असं नाशिककर विचारतात. निफाडच्या पाऱ्याचा आकडा पेपरात छापून आला, की ते तो आपल्याच कर्तबगारीसारखा ऐकवतात. त्यांना मी सिमला ऑफिसची आठवण देतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरात सिमल्याचं नाव मागे राहिलं, आणि माझ्या मते नावाबरोबर थोडी थंडीही राहिली. मात्र पुण्याच्या थंडीचा एक स्वभाव आहे. पहाटे पारा दहा-अकरावर असतो आणि दुपारी तिशीला टेकतो. सकाळी कानटोपी घालून बाहेर पडलेला माणूस दुपारी ती पिशवीत कोंबून, वर टपरीवर उसाचा रस पिऊन घरी येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही, म्हणून हा लेख लिहायची वेळ आली.

तसं पाहिलं तर हीटरमध्ये बिघडण्यासारखं फार काही नसतं. एक तार असते, नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमची. अमेरिकेत अल्बर्ट मार्श नावाच्या गृहस्थांना १९०६ साली तिचं पेटंट मिळालं, आणि त्यांनी काम असं चोख करून ठेवलं, की तार लालबुंद झाली तरी जळत नाही, गंजत नाही. वर्षानुवर्षं तापते आणि निवते. तारेच्या मागे एक पंखा असतो, बशीएवढा. मागून हवा ओढायची आणि तारेवरून पुढे ढकलायची, एवढंच त्याचं काम. तार दोन हजार वॉट खाते, पंख्याची मोटर जेमतेम वीस-पंचवीस. वजन, किंमत, रुबाब, सगळं तारेकडे. आणि रुसतो कोण, तर पंखा. लग्नात वऱ्हाडाच्या जेवणावर लाखो रुपये खर्च करावेत आणि नवरदेवाच्या आत्याला चहा वेळेवर मिळाला नाही म्हणून मांडव अडावा, तसा प्रकार.

सुरुवात गेल्या वर्षी फेब्रुवारीत झाली. शेगडी लावली की पंख्यातून ‘कुंई… कुंई… कुंई’ असा आवाज यायचा. दर फेरीला एक कुंई. आधी आम्हाला वाटलं जिन्यात मांजरीने पिल्लं घातली. ही वाटीत दूध घेऊन दोन मजले उतरून आली. मग लक्षात आलं की पिल्लू आईच्या खाटेखाली आहे.

“कोरडं पडलंय ते,” आई म्हणाली. “पाळण्याची कडी वाजायला लागली की आम्ही काय करायचो? दोन थेंब तेल घाल.”

आता मराठी घरात ‘तेल घाल’ म्हटल्यावर हात जातो तो न्हाणीघरातल्या फळीकडे. दाराच्या बिजागऱ्या, कडी-कोयंडा, शिंकाळ्याची कडी आणि नातवंडांची टाळू, या सगळ्यांना आमच्या घरात पिढ्यानपिढ्या एकच तेल चालत आलंय. मी प्लग काढला, मागच्या जाळीतून काडी घालून पंख्याच्या मधोमध खोबरेलाचे दोन थेंब सोडले. मग उदारपणाने आणखी तीन सोडले. शेगडी लावली. कुंई बंद! पंखा असा फिरायला लागला की जणू नवा. खोलीभर मंद खोबरेलाचा वास दरवळला. आई म्हणाली, “बघ, मेकॅनिक लागला का?” त्या महिन्यात मी तीन घरांमध्ये तरी ही हकीकत सांगितली, आणि दर वेळी शेवटी म्हणालो, की हल्लीच्या लोकांना जरा काही झालं की वस्तू फेकून द्यायची सवय लागली आहे.

मार्चमध्ये शेगडी थर्मोकोलसह मूळ खोक्यात घालून माळ्यावर गेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी पक्कड आणि टेस्टरबरोबर तिलाही एक झेंडूचं फूल वाहिलं.

डिसेंबरात पहाटे साडेपाचला आईने हाक मारली. मी शेगडी लावली. पंखा फिरेना. ‘घूं’ असा एक दबका आवाज, बस. तार मात्र लाल होत चालली. हवा पुढे ढकलणारं कोणी नाही, त्यामुळे सगळी धग आतल्या आत. जळक्या धुळीचा वास यायला लागला आणि एवढ्यात ‘टक’ असा आवाज होऊन तार विझली.

“पाल चुकचुकली,” आई म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा ‘टक’. तार पुन्हा लाल. पुन्हा ‘टक’, पुन्हा विझली. आईने प्रत्येक टकाला “कृष्ण कृष्ण” म्हटलं. माझ्याही मनात शंकेची एक पाल चुकचुकलीच. ही पाल म्हणजे आतला कटआउट, हे मला नंतर कळलं. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. तापल्या की एक जास्त पसरते, दुसरी कमी. मग जोडी वाकते, संपर्क तुटतो. निवली की पुन्हा सरळ. पंखा अडकला तर शेगडीने घर पेटवू नये म्हणून बसवलेला हा पहारेकरी. तो टकटक करत असताना माणसाने एकच करायचं असतं, बटण बंद करून प्लग काढायचा. मी काय केलं? वरून दोन थापट्या मारल्या. आमच्या पिढीने रेडिओ आणि टीव्ही असेच दुरुस्त केले आहेत.

आणि थापट्यांनी म्हणा की आणखी कशाने म्हणा, दहाएक मिनिटांनी पंखा आपोआप फिरायला लागला. आधी आळोखेपिळोखे देत, मग झोकात. “उठायला वेळ लागतो त्याला,” ही स्वयंपाकघरातून म्हणाली. हे नेमकं कोणाबद्दल होतं, ते मी विचारलं नाही.

तीन दिवस रोज पहाटे हेच. चौथ्या दिवशी सोसायटीत विषय निघाला. पंख्याचा कोणताही आजार सांगा, महाराष्ट्रात त्याचं एकच निदान आहे, ‘कपॅसिटर गेला’. वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांनी मला कपॅसिटर बदलायला सांगितलं. चार जणांनी आपल्याकडचे जुने कपॅसिटर आणूनही दिले. मी शेगडीच्या पाठीमागे टॉर्च मारून पाहिलं, तर कपॅसिटर नव्हताच! या मोटरला तो लागतच नाही. लोखंडी पत्र्यांचा एक गठ्ठा, एका बाजूला तारेची गुंडाळी, आणि कोपऱ्यांत तांब्याची दोन जाडसर कडी, एवढाच तिचा संसार. तांब्याच्या कड्यांमुळे चुंबकत्वाचा काही भाग जरा मागून पोचतो, आणि या पुढे-मागे पोचण्यातून मधल्या कांबीला फिरायची दिशा मिळते. स्वस्त आणि साधी युक्ती, पण ताकद बेताची. विशेषतः जागेवरून उठताना. एकदा फिरायला लागली की फिरते, पण सुरुवातीला कोणी चिमटीत धरलं तर बिचारी ‘घूं’ करून उभी राहते. बरं, खाल्लेल्या विजेपैकी निम्म्याहून जास्त नुसती तापण्यात घालवते. दुसऱ्या कुठल्याही यंत्रात हा दुर्गुण ठरला असता. शेगडीत त्याला कोण नावं ठेवणार?

कपॅसिटर नाही म्हटल्यावर चौघांचा माझ्यातला रस संपला. कपॅसिटर मात्र त्यांनी परत नेले नाहीत.

मग मी शेगडी पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याचं दुकान उघडतं साडेदहाला, मी पोचलो बाराला. त्याने प्लग लावला, बटण फिरवलं. पंखा गरगर फिरला.

“काका, चालू आहे की.”

“पहाटे चालत नाही.”

“आत्ता चालतोय ना?”

“आत्ता चालतोय. पण आत्ता हीटर लागतोय कोणाला?”

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याच्या कपाळावरचा घाम पाहता प्रश्नही गैरलागू होता. दुखणाऱ्या दाढेने डॉक्टरच्या खुर्चीत बसताच गप्प व्हावं, तसं शेगडीने केलं. घरी आणली. दुसऱ्या पहाटे ‘घूं, टक, कृष्ण कृष्ण’. पुन्हा दुपारी दुकान, पुन्हा गरगर. तिसऱ्या खेपेला त्याने माझ्याकडे पाहिलं ते हीटर बिघडलाय अशा नजरेने नव्हे. “काका, घरी सगळं ठीक आहे ना?” असं त्याने फार हळुवारपणे विचारलं.

मग माझे मेहुणे मैदानात उतरले. त्यांचं म्हणणं, दुरुस्ती वगैरे भानगडीत पडायचंच नाही, तपकीर गल्लीत जाऊन सरळ नवी मोटर आणायची. बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत विजेचं काय मिळत नाही? मी गेलो. माळांच्या, बल्बांच्या आणि वायरींच्या भेंडोळ्यांच्या गर्दीतून वाट काढत एका काउंटरपाशी पोचलो आणि म्हणालो, “हीटरच्या पंख्याची मोटर द्या.”

“शाफ्ट किती एमएम?”

मी गप्प.

“लांबी? पुढून बाहेर की दोन्हीकडून?”

मी गप्प.

“बरं, सुलटी फिरते की उलटी?”

अकरा वर्षं जो पंखा माझ्या समोर फिरत होता, तो घड्याळासारखा फिरतो की उलट, हे मला सांगता येईना. मागचं गिऱ्हाईक कोपराने ढोसत होतं. मी दोन एलईडी बल्ब घेऊन परत आलो. रिकाम्या हाताने काउंटर सोडायची लाज वाटते, त्यातून अशा कितीतरी वस्तू माझ्या घरात आल्या आहेत.

उकल झाली ती रविवारी. आईला न्हाण्याआधी डोक्याला तेल चोळायचं होतं. पहाटे बाटली उलटी केली तर थेंब येईना, आत पांढरीशुभ्र ढेप. थंडीत आपल्या सगळ्यांच्या घरी हे होतं, आणि मग बाटली गरम पाण्याच्या बादलीत सोडायची, हेही ठरलेलं. बादली अजून तापायची होती. मी म्हटलं, शेगडीसमोर धरावी. शेगडी लावली. ‘घूं’. एका हातात गोठलेल्या खोबरेलाची बाटली, समोर न फिरणारा पंखा. मी बाटलीकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. पुन्हा बाटलीकडे पाहिलं.

खोबरेल साधारण चोवीस अंशांच्या आसपास गोठतं. पहाटे दहा अंशांत पंख्याच्या कण्याभोवती माझे पाच थेंब मेणासारखे घट्ट बसलेले असायचे, आणि ती बेताच्या ताकदीची मोटर चिमटीत सापडायची. तार तापून तापून मागच्या मोटरला ऊब पोचली, की तेल वितळायचं आणि पंखा सुटायचा. दुपारी दुकानात तीस अंश, तेल पातळ, पंखा गरगर. म्हणजे ऊब हवी असेल तेव्हा शेगडी बंद, आणि ऊब नको असेल तेव्हा चालू, अशी व्यवस्था मी स्वतःच्या हाताने, झेंडूचं फूल वाहून करून ठेवली होती. थंडीत शेगडी सुरू व्हावी यासाठी आधी शेगडीला शेगडी लावायला हवी होती.

दुरुस्तीवाल्याला हे पटवायचं कसं? दुपारी नेली तर पुन्हा गरगर. माझ्या डोक्यात एक कल्पना आली. फ्रिजचा मधला कप्पा मी जवळजवळ रिकामा करत आणला होता, तेवढ्यात ही आली.

“अहो, हे काय चाललंय?”

“शेगडी ठेवतोय.”

“फ्रिजमध्ये?”

“तिला थंडी वाजली पाहिजे.”

तिने काही न बोलता विरजणाचं भांडं पुन्हा जागेवर ठेवलं आणि कप्पा बंद केला. शेगडी गेली ती साध्या पिशवीतून, कबुलीजबाबासह.

दुरुस्तीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि पोऱ्याला म्हणाला, “डिसमिस आण.” चाळीस वर्षांच्या नोकरीत ज्या शब्दाने मला कधी गाठलं नाही, त्याने निवृत्तीनंतर अशा दुकानात गाठलं. आला तो स्क्रू ड्रायव्हर. मागचे सहा स्क्रू निघाले, जाळी निघाली, आणि आमच्या घराचा अकरा वर्षांचा इतिहास उघडा पडला. पात्यांच्या कडेवर करड्या धुळीची किनार होती, फेल्टसारखी दाबून बसलेली. आणि पंख्याच्या मागे, कण्याभोवती, एक घट्ट वेटोळं. त्याने ब्लेडने ते कापून काढलं आणि कागदावर ठेवलं. आईचे पांढरे केस, हिचे काळे केस, गोधडीचा एक लाल धागा, आणि एक बारीकसा पिवळा लोकरीचा, तो नातवाच्या कुंचीचा असणार. सगळे एकमेकांत वळून त्यांची अंगठी झाली होती. त्याने मग कण्यावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि हसला.

“घरोघरी हेच. कोणी गोडं तेल घालतं. एक आजी तूप घालायच्या, म्हणे तेल उष्ण पडतं.”

कणा ज्या दोन बारीक कड्यांमध्ये फिरतो त्यांना तो ‘बुश’ म्हणत होता. हे बुश ब्राँझची भुकटी दाबून केलेले असतात, आणि डोळ्याला दिसणार नाहीत अशी त्यांना भोकं असतात. कारखान्यात त्यांत तेल मुरवलेलं असतं, भोवती तेल प्यायलेली फेल्टची चकतीही असते. कणा फिरला, तापला, की तेल पाझरतं. थांबला की परत शोषलं जातं. या तेलावर बुश वर्षानुवर्षं चालतात. माझं खोबरेल तिथे गेलं ते थंडीत गोठलं आणि तापून तापून काकवीसारखं चिकटही झालं. त्याने जुन्या टूथब्रशने आणि थिनरने कणा असा घासला, की काळ्याचा रुपेरी झाला. थिनर पुरतं उडून जाईपर्यंत सगळं बाजूला ठेवलं. “वास असेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही,” हे त्याने पोऱ्याला सांगितलं, पण माझ्याकडे बघून. मग कणा बोटाने फिरवून पाहिला, सोडल्यावरही फिरत राहतो की नाही ते. मग दोन्ही बुशांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. मी म्हटलं, “अजून एक?” तो म्हणाला, “काका, तुमचा हात सढळ आहे, तेच दुखणं आहे.” जास्तीचं तेल पात्यांवरून उडतं, तारेवर पडतं आणि जळतं.

मेहुण्यांनी मध्यंतरी गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा एक डबा पाठवला होता. तो दाखवला तर त्याने मान हलवली. त्याने अडकलेला नट सुटतो, पण बुशातलं होतं नव्हतं ते तेलही धुऊन जातं, आणि आठवड्याने पिल्लू पुन्हा रडायला लागतं.

उरलेली शहाणपणं त्याने शेगडी बंद करता करता ऐकवली, ती मीही उभ्या उभ्या सांगून टाकतो. प्लग काढल्याशिवाय आणि तार पूर्ण निवल्याशिवाय जाळी उघडायची नाही. धूळ झाडायला रंगाचा मऊ ब्रश आणि सायकलचा पंप पुरे. तार वापरून वापरून काचेसारखी ठिसूळ होते, तिला ब्रशने डिवचायचं नाही. शेगडीची पाठ भिंतीला किंवा पडद्याला टेकवायची नाही, कारण पंख्याला श्वास मागूनच घ्यायचा असतो. वर दुपटी वाळत घालायची नाहीत. आणि ती टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावायची नाही. दोन हजार वॉट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, ते सहावाल्या प्लगला झेपत नाहीत. तिला मोठा, जाड पिनांचा पॉवर प्लगच लागतो. अर्थात हे सगळं शेगडीबरोबरच्या घडीच्या कागदावर छापलेलंच असतं. आमच्याकडे तो कागद पहिल्या आठवड्यापासून खाटेच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली आहे.

सहा स्क्रू निघाले होते, पाच बसले. सहावा सापडला नाही. त्याने दुसरा, जरा चकचकीत, लावून दिला. एका कोपऱ्यात तो वेगळा दिसतो, आणि आईला तो आवडतो. बिल झालं ऐंशी रुपये. मी शंभराची नोट दिली आणि वीस रुपयांत तेलाची छोटी बाटली मागितली.

दुसऱ्या पहाटे साडेपाचला बटण फिरवलं. पंखा लगेच फिरला. घूं नाही, कुंई नाही, टक नाही. आई दोन मिनिटं कान देऊन पडून राहिली. मग पाय पांघरुणातून जरासा बाहेर काढून म्हणाली, “आवाज येत नाही रे. चालू आहे ना?”

मशीनच्या तेलाची बाटली आता शेगडीच्या खोक्यातच असते. तिच्यावर मी चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘शेगडीचे तेल. वर्षातून एक थेंब. डोक्याला लावू नये.’ खोबरेल अजूनही रोज सकाळी शेगडीकडे जातं. पण समोर, दीड हात अंतरावर, वितळायला.